शीव, वेस आणि बिराजदार अप्पा

उमरग्यात आमच्या बोळात नेट गेलं की लोक कंपनीला फोन लावत नसत. आधी दारात येऊन डावीकडं बघत. बोळाच्या तोंडाशी बिराजदार अप्पांचं घर होतं. दारात त्यांची निळी स्कूटर दिसली की जीव भांड्यात पडायचा. नाही दिसली की जो तो उंबऱ्यावर उभा राहून शेजाऱ्याला विचारायचा, "कुठं गेलेत? मुरूमला का? किती वेळ झाला?" आजारी माणसाच्या घरी डॉक्टरची वाट बघावी तशी त्या स्कूटरची वाट बघितली जायची.

काशिनाथ बिराजदार टेलिफोन खात्यात लाइनमन होते. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा रिटायर होऊन चारपाच वर्षं झाली होती, पण अंगातला लाइनमन काही रिटायर झाला नव्हता. उंच, वाळलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या आणि खिशात पेनाच्या जागी टेस्टर. रस्त्यानं चालताना खाली म्हणून बघत नसत. नजर कायम खांबाखांबावर. एकदा असंच वर बघत चालताना भाजीवाल्या बाईच्या मेथीत पाय घातला आणि ती तोंड उघडायच्या आत तिलाच म्हणाले, "तुज्या डोक्यावर वायर लोंबायलीय. हिथं बसू नगं." बाई मेथी विसरून वर बघत बसली.

मी उमरग्यात आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळं. तो इथल्या कॉलेजात लागला. माझी नोकरी पुण्याच्या एका कंपनीची, विम्याचे कागद घरून तपासायची. पहिले तीन महिने चाचणीचे होते. गावाकडं नेट चालेल का, असं साहेबांनी दोनदा विचारलं होतं आणि मी छातीठोकपणे हो म्हणून बसले होते. नव्या घरातला पहिला सोमवार. कामाची पाळी दोनला सुरू होणार. दीड वाजता लॅपटॉपच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण आला. भिंतीवरच्या नेटच्या बॉक्सचे दिवे हिरवेगार, पण एक पान उघडेल तर शपथ. मी बॉक्स बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. शेजारच्या सावंतबाई खिडकीतून म्हणाल्या, "असं किती वेळ करणार? अप्पाला हाक मारा की."

अप्पा आले ते चपला काढता काढताच विचारत. "काय केलं हुतं शेवटी?"

"काहीच नाही हो."

"काईच न्हाय म्हणणाऱ्यानंच कायतरी केलेलं असतंय. बरं, सरका."

मी खुर्ची पुढं केली. ती त्यांनी पायानं बाजूला सारली आणि उभ्याउभ्याच लॅपटॉपवर वाकले. माउसला हात लावला नाही. एका बोटानं, तोंडानं एकेक अक्षर म्हणत, "एन सी पी ए डॉट सी पी एल" असं टाइप केलं आणि नेटच्या जोडण्यांची खिडकी उघडली. पुढं अडॅप्टर, मग प्रॉपर्टीज. अंगणातून आपल्या घरात शिरावं तसे सराईतपणे ते त्या खिडक्यांतून आत शिरत गेले. मशीनचा, म्हणजे लॅपटॉपचा, नेटवरचा पत्ता एकशे एकोणसत्तरपासून सुरू होत होता. तो बघून अप्पांनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"ह्याला कुणी घर दिलं न्हाय बगा. मंग ह्यो आपल्याच मनानं पत्ता सांगायलाय. रानात उभं ऱ्हाऊन म्हणायचं, मी अमक्या वाड्यातला."

"मग आता?"

"आता आपुन देऊ."

त्यांनी पत्ता आपोआप घ्यायचा तो ऑटोमॅटिकचा गोल काढला, हातानं घालायचा तो खालचा लावला, आणि समोर उघडलेल्या रिकाम्या चौकटींत आकडे घालायला लागले. घालता घालता मला समजावत होते, मी विचारलेलं नसताना. "ह्यो तुमचा घर नंबर. ही शीव, गावाची हद्द कुठवर हाय ती. ही वेस, भाईर जायाचं दार. आन् ह्यो कोतवाल. तुमी नाव सांगायचं, ह्यो घर दाखवणार. चार गोष्टी नीट असल्या की माणूस कुठंबी जाऊन परत येतंय."

त्रिकोण गेला. दोनला सहा मिनिटं होती. मी चहा टाकला. अप्पा तोवर खिडकीशी, दाराशी, पुन्हा खिडकीशी. कप हातात दिला तर कप घेऊनच रस्त्यावर गेले, कारण कुणाच्या तरी घरून हाक आली होती. कप माझा, बशी माझ्या हातात, आणि अप्पा बोळाच्या टोकाला.

तो कप संध्याकाळी धुऊनपुसून परत आला. घेऊन आल्या शांताबाई, अप्पांच्या पत्नी. ठेंगण्या, गोऱ्या, नाकात मोरणी. मोठ्या, सपाट आवाजात त्यांनी विचारलं, "ऊटा आयता?" त्यांच्या घरात कानडी. जेवण झालं का, एवढं मला कळलं. मी कप ठेवायला आत वळत "हो, आत्ताच झालं" म्हणाले. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मला जरा राग आला. तेव्हा त्या दोन पावलं पुढं आल्या, माझ्या हनुवटीला बोट लावून चेहरा आपल्याकडं वळवला आणि म्हणाल्या, "माज्याकडं बघून बोल गं. मला ऐकू येत न्हाय."

मग हळूहळू सगळं कळत गेलं. अप्पा रिटायर झाले त्याच वर्षी शांताबाईंना मोठा ताप आला. आठ दिवसांत ताप उतरला, पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला. पुण्या-सोलापूरचे डॉक्टर झाले, यंत्रं लावून झाली. काही उपयोग झाला नाही. सगळ्या तालुक्याला फोन जोडून दिलेल्या माणसाच्या घरातच फोनचा काही उपयोग उरला नाही. त्यांना एकच मुलगी, नंदा. नर्स होती, लग्नानंतर नवऱ्याबरोबर आयर्लंडला गेलेली. आईला तिचा आवाज कधीच ऐकू येणार नव्हता. पण शांताबाई ओठ वाचायला शिकल्या. कुणी शिकवलं नाही. गरजेनं शिकल्या. फक्त चेहरा मोठा दिसायला हवा आणि चित्र अडकायला नको. चित्र मध्येच थांबलं की शब्द गेला. पुढचं वाक्य आलं तरी मागचं कायमचं हुकलं.

म्हणून अप्पांनी साठीनंतर लॅपटॉप घेतला. नेट अडलं की कंपनीचा माणूस यायचा, दिवे बघायचा, "उद्या येतो" म्हणून जायचा. अप्पा नंदाला साध्या फोनवर विचारत राहिले. ती रात्रपाळी करून आलेली असायची आणि हे तिला एकेक इंग्रजी शब्द चारचार वेळा म्हणायला लावायचे. स्पेलिंग पाठ, अर्थ स्वतःच्या भाषेत. त्यातूनच ती शीव आली आणि वेस आली.

त्यांच्या बेचैनीचं कारण मला वाटायचं स्वभाव. एकदा मी सहज म्हणाले, "अप्पा, जरा टेकत जा की." तर म्हणाले, "घरात दोन माणसांचं ऐकायचं काम एकट्याकडं हाय. दार वाजलं, कुकर वाजला, गॅस सुटला, सगळं म्याच ऐकायचं. बसलो की कान बी बसतेत." आणि हे सांगतानाही मान दाराकडंच होती.

त्यांचा खरा वैरी म्हणजे ऑटोमॅटिक. कुठल्याही घरात गेले की पहिल्यांदा तो वरचा गोल काढायचे आणि आकडे हातानं घालायचे. का, तर एकदा हातानं घातलं की मशीन गोंधळत नाही. "आपोआप म्हंजी कुणाचीच जबाबदारी न्हाय," असं त्यांचं मत. आमच्या बोळात, मागच्या गल्लीत, दवाखान्यात, ट्रक ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, जिथं जिथं अप्पांचा हात लागला तिथं तिथं मशीनला अप्पांनी दिलेला घर नंबर होता. कुणाला कुठला दिला हे त्यांना तोंडपाठ. सावंतबाईंचा मुलगा त्यांना वाटेत भेटला तर "काय एकवीस, बरं हाय का?" असं विचारायचे.

कंपनीच्या तक्रार नंबरावर मात्र त्यांचं कधी जमलं नाही. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं रेकॉर्डवरची बाई म्हणाली की अप्पा तिला उत्तर द्यायचे. "महत्त्वाचा हाय तर ये की मंग! उन्हात खांबाखाली उभा हाय म्या." आणि खरं माणूस लाइनवर येऊन "सर, राउटर बंद करून चालू केला का?" म्हणालं की ते आमच्याकडं बघत, जणू त्यांना कुणी बाराखडी विचारली होती.

मुरूम गावाच्या रस्त्याला दोन भावांची वस्ती आहे. थोरला शरणप्पा, धाकटा मल्लिनाथ. दोघं पूर्वी एकत्र, भरपूर जमीन. वाटणी झाली आणि घराच्या मधोमध भिंत आली. बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. नेटची जोडणी मात्र वाटणीआधीची, एकच. भिंतीत भोक पाडून वायर पलीकडं नेलेली. थोरल्याच्या मशीनवर विहिरीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र यायचं, धाकट्याची मुलगी पलीकडं अभ्यास करायची. आणि काय व्हायचं, एकाचं चालू झालं की दुसऱ्याचं बंद. शरणप्पाला खात्री, मल्लिनाथ मुद्दाम तोडतो. मल्लिनाथला खात्री, शरणप्पाला पुतणीचं शिक्षण बघवत नाही. प्रकरण कुऱ्हाडीवर जायच्या बेतात होतं. एकदा मल्लिनाथनं भिंतीतली वायर ओढून तोडली आणि शरणप्पानं पोलिसात जायची भाषा केली. तेव्हा कुणीतरी अप्पांना बोलावलं. त्या दिवशी माझ्या नवऱ्याला त्याच बाजूला काम होतं, म्हणून अप्पांना घेऊन आम्ही आमच्या गाडीतून गेलो.

अप्पांनी आधी तुटलेली वायर जोडली, मग एकाचं मशीन बघितलं, भिंतीला वळसा घालून दुसऱ्याचं बघितलं. मग अंगणात येऊन म्हणाले, "दोनी मशीन एका जागी पाहिजेत."

"त्यो माज्या उंबऱ्यात येणार न्हाय," शरणप्पा म्हणाला.

"मला तर जायाचंच न्हाय," भिंतीपलीकडून आवाज आला.

"मंग मशीन अंगणात आणा. अंगण तरी कुणाच्या बापानं वाटलं न्हाय न्हवं?"

अंगण वाटलेलं नव्हतं. लिंबाखाली बाज टाकली. दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही भाऊ बाजेच्या दोन टोकांना, एकमेकांकडं पाठ करून. अप्पांनी दोन्हींवर तीच खिडकी उघडली आणि दोघांना वाकून बघायला लावलं. दोन्हीकडं एकच आकडा. कुणीतरी एकाच चिठ्ठीवरचे आकडे दोन्ही मशीनांत भरून दिले होते.

"बगा. एकाच घर नंबरावर दोन घरं. वेशीवरच्या माणसाला कळंना टपाल कुणाच्या दारात टाकावं. कुणी तोडलं न्हाय. कुणी कुणाचं वाईट केलं न्हाय." अप्पांनी दोघांच्या पाठींकडं आळीपाळीनं बघितलं. "आता एकाला दहा द्यायचा, एकाला अकरा. बोला, कुणाला दहा?"

लिंबावर कावळा होता, तोच काय तो बोलत होता. मला वाटलं आता हेही भांडणात जाणार. अप्पांचा पाय जमिनीवर थापा मारत होता. मग मल्लिनाथ पाठ न वळवता म्हणाला, "अण्णाला दहा द्या. थोरला हाय त्यो."

अप्पांनी आकडे घातले, दोन्ही मशीनं एकदम चालू करून दाखवली. एकावर विहीर, एकावर फळ्यासमोर उभे असलेले गुरुजी. आम्ही निघालो तेव्हा शरणप्पा गाडीपर्यंत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "अप्पा, अकरावर बी नीट चालतंय का तेवढं बगून जावा. पोरीची परीक्षा हाय."

परतीच्या वाटेवर अप्पांनी गाडी दोनदा थांबवायला लावली. एकदा खांब वाकलेला दिसला म्हणून आणि एकदा उगीच. उतरले, रस्त्याच्या कडेला चार पावलं चालले आणि पुन्हा येऊन बसले.

आता तो दिवस सांगते, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

चैत्र होता. ऊन मी म्हणत होतं. नंदाचे दिवस भरले होते आणि मूल आडवं होतं, म्हणून तिथं ऑपरेशन ठरलं होतं. तिकडची सकाळची साडेआठची वेळ म्हणजे आपल्याकडचा दुपारचा एक. आत नेण्याआधी आईशी बोलायचं, असं तिनं कळवलं होतं. आठवडाभर अप्पांना दुसरा विषय नव्हता.

नेमकं त्याच दिवशी सकाळी कंपनीची दोन माणसं आली. आमच्या भागातले सगळे जुने बॉक्स काढून नवे बसवायचे होते. अप्पा खूश. चांगला बॉक्स म्हणजे चांगलं चित्र. त्यांनी स्वतः माणसांबरोबर घरोघरी फिरून भिंतीवरच्या जागा दाखवल्या, वायर कुठून वळवायची ते सांगितलं. अकराच्या सुमाराला माणसं गेली, आणि पाठोपाठ अप्पांचा फोन वाजायला लागला. सावंतबाईंचं बंद. दवाखान्याचं बंद. ट्रान्सपोर्टचं बंद. माझंही बंद. अप्पा एका घरातून दुसऱ्या घरात पळत होते. सगळीकडं बॉक्स चालू, दिवे हिरवे आणि मशीन मुकं. "नवा मालच खराब हाय," ते म्हणत होते. "सगळाच्या सगळा लॉट खराब आणलाय ह्यांनी." आणि मग बाराला स्वतःच्या घरी जाऊन बघितलं, तर तिथंही तेच.

मी एक वाजता त्यांच्याकडं गेले. शांताबाई लॅपटॉपसमोर बसलेल्या. ठेवणीतलं इरकली लुगडं, केसांत मोगरा. समोरचा पडदा कोरा. अप्पा बॉक्सपासून लॅपटॉपपर्यंत आणि लॅपटॉपपासून बॉक्सपर्यंत फिरत होते. शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांच्या खिशात फोन वाजत होता आणि ते उचलत नव्हते.

"ताई, तुमच्या फोनवर लावा," मला बघताच म्हणाले.

ऑफिसला कळवण्यासाठी मी सकाळीच माझा फोन नव्या बॉक्सला जोडला होता, बॉक्सच्या पोटावरचा पासवर्ड घालून. इथंही तसंच केलं. नंदाला लावलं. पहिल्या घंटीला उचललं. हिरवा झगा, डोक्यावर टोपी, चेहरा सुजलेला आणि हसरा. मी फोन शांताबाईंच्या हातात दिला.

त्यांनी तो जवळ धरला. लांब धरला. पुन्हा जवळ. डोळे बारीक केले.

"तोंड दिसतंय," त्या म्हणाल्या. "बोलणं दिसंना."

अप्पा वाकून ऐकायला लागले. "ती म्हणतीया की..."

शांताबाईंनी हात वर केला. "तुमी मधी बोलू नगा. मला तिच्या तोंडून पाहिजे."

फोनमधून नंदा मला उद्देशून म्हणाली, "ताई, दहाएक मिनिटांत नेतील मला. अप्पांना सांगा, घाबरू नका."

अप्पा भिंतीशी गेले. भिंतीला हात लावला, परत आले. "लाइनच खराब हाय. त्यांचं सामानच..."

"अप्पा," मी म्हणाले, "लाइन खराब असती तर नंदा फोनवर तरी कशी दिसली असती?"

ते जागच्या जागी थांबले. इतक्या महिन्यांत त्यांना असं थांबलेलं मी पाहिलं नव्हतं.

"फोनला घर नंबर कुणी घातला?" त्यांनी हळू विचारलं.

"कुणीच नाही. तो आपला आपण घेतो."

ते बॉक्सकडं गेले, त्याच्या पोटावरची चिठ्ठी वाचली. मग लॅपटॉपवर खिडकी उघडली आणि स्वतः घातलेले आकडे वाचले. चिठ्ठीवरचा वेशीचा आकडा वेगळा होता.

"वेस हलली," ते म्हणाले. "वेसच दुसरीकडं न्हेली ह्यांनी. आन् म्या अख्ख्या गल्लीला जुन्या वेशीवर उभं करून ठेवलंय."

वाकून एका बोटानं ते जुना आकडा खोडायला लागले. एक टिंब जास्त पडलं. खोडलं. पुन्हा चुकलं. शांताबाई कोऱ्या पडद्याच्या कडेला चेहरा नेऊन बसल्या होत्या, आतून कुणी येणार असल्यासारख्या. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून सात मिनिटं.

"अप्पा, वरचा गोल दाबा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं रागावले. रागावले नव्हते. मग त्यांनी तो गोल दाबला, खाली कोतवालासाठी होता तोही दाबला, आणि ओके केलं.

लॅपटॉपवरून पुन्हा लावलं आणि नंदाचा चेहरा परातीएवढा होऊन पडद्यावर आला. शांताबाईंनी दोन्ही हातांनी पडद्याच्या कडा धरल्या. त्यांच्या मोठ्या सपाट आवाजात कानडी सुरू झालं. मला त्यातली लेकीला लाडानं मारलेली "अव्वा" ही हाक तेवढी कळत होती. नंदा मात्र आवाज काढतच नव्हती. शेजारी माणसं असतील, किंवा सवयच तशी असेल. नुसते ओठ हलवत होती, सावकाश, सुटे सुटे. त्या खोलीत एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं आणि गोष्टी मात्र दोघींच्या चालल्या होत्या. शांताबाई मध्येच हसल्या. मध्येच डोळे पुसले, पण नजर न हलवता, पदर न बघता.

अप्पा खोलीत नव्हते. बाहेर स्कूटरचं हँडल धरून उभे होते.

"झालं का बोलणं?"

"चाललंय."

"मंग म्या निघतो. समदी घरं ऱ्हायलीत."

"अहो, ऊन केवढं आहे. तिकडचं काही कळेपर्यंत तरी थांबा."

"थांबून काय करू ताई? हिथं उभा ऱ्हायलो म्हणून जल्दी कळणार हाय का मला?"

आणि ते चालत निघाले. बोळातली सगळी दारं त्यांनी एकामागून एक ठोठावली. मला सावंतबाईंच्या दारातलं ऐकू आलं. "बाई, माजी चूक झाली. तुमच्या मशीनमधी म्या हातानं घातलेला नंबर हाय, त्यानं बंद पडलंय. काढायला आलोय." सावंतबाई म्हणत होत्या, "असू द्या हो अप्पा, चूक कसली." त्यांनी ऐकून घेतलं नाही. पुढच्या दारात तेच वाक्य. त्याच्या पुढच्या दारात तेच. कंपनीला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. लोक तर त्याच तयारीत होते. माझ्याही दारात आले आणि पहिल्या शब्दापासून सुरू केलं. "ताई, माजी चूक झाली..."

"अप्पा, मला माहीत आहे की."

"तुमाला ठाऊक हाय. पर म्या सांगितलेलं न्हाय."

पूर्ण वाक्य ऐकूनच मला दार सोडावं लागलं.

साडेतीनच्या सुमाराला जावयाचा निरोप आला, लिहून. शांताबाईंनी तो वाचला आणि अनवाणी बोळात आल्या. अप्पा कुठल्या घरात आहेत ते त्यांना माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं. त्या नुसत्या ओरडत निघाल्या, "हेण्णु! हेण्णु! पोरगी झाली!" दारं उघडली, बायका बाहेर आल्या, ट्रान्सपोर्टचे ड्रायव्हरसुद्धा रस्त्यावर आले. अख्ख्या गल्लीला कळलं, फक्त आजोबांना कळायचं राहिलं होतं. ते शेवटच्या घरात टेबलाखाली होते. बाहेर आले तेव्हा केसांत जळमटं, घामानं कपाळावरची विभूती पुसलेली. शांताबाईंनी त्यांच्या तोंडासमोर उभं राहून पुन्हा सांगितलं. नंदा बरी आहे, तेही सांगितलं.

"वजन किती?" त्यांनी विचारलं.

शांताबाईंनी बोटं दाखवली.

"बरं हाय," अप्पा म्हणाले, आणि पुन्हा टेबलाखाली गेले. काम अर्धं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते स्कूटर काढून बाहेरच्या वस्त्यांवर गेले. मुरूमच्या रस्त्याला अजून जुनाच बॉक्स होता, तिथं काही बंद पडलं नव्हतं. तरी पुढं कधी वेस हलली तर काय करायचं ते दोघा भावांना दाखवून आले. पुढं काही दिवसांनी मी चिडवलं, "काय अप्पा, शेवटी ऑटोमॅटिकच बरं म्हणायचं."

"वाईट न्हाय," ते म्हणाले. "पर उद्या ते चुकलं तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचं? हातानं घातलं की चुकलेला माणूस तरी सापडतंय."

त्यानंतर वर्षभरात नवऱ्याची बदली लातूरला झाली. सामान भरताना अप्पा आले, सगळ्या वायरी स्वतः गुंडाळून दिल्या आणि टेम्पो सुटायच्या आतच दुसऱ्या हाकेला निघून गेले. नीट निरोप घ्यायचा राहिला.

मग त्यांना एकदाच पाहिलं. एका लग्नाला उमरग्याला चाललो होतो. हायवेवर गाव सुरू होतं तिथं गाड्या तुंबलेल्या. कडेनं गटारासाठी चर खणत होते आणि जेसीबीनं जमिनीतली केबल उखडली होती. भगवा पाइप फाटून वर आलेला. आणि त्या चरात, गुडघाभर मातीत, जेसीबीच्या दातांसमोर दोन्ही हात पसरून अप्पा उभे होते. जेसीबीवाला हॉर्न वाजवत होता. मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते. आमचा ड्रायव्हर पाच हातांवरच्या पोलिसाला काहीतरी ओरडून विचारत होता आणि पोलिसाला ऐकू जात नव्हतं.

पलीकडच्या कडेला छत्री आणि डबा घेऊन शांताबाई होत्या. मध्ये अख्खा हायवे, हैदराबादकडं जाणाऱ्या आणि सोलापूरकडं जाणाऱ्या गाड्यांच्या दोन रांगा. एक ट्रक जायचा, फट पडायची, आणि त्या फटीतून शांताबाई ओठ हलवायच्या. आवाज काढतच नव्हत्या. अप्पाही तसेच, नुसते ओठ. पुन्हा ट्रक मध्ये यायचा. तो गेला की दोघांचं जिथं राहिलं होतं तिथून पुढं चालू. शांताबाईंनी सूर्याकडं बोट केलं. अप्पांनी फाटलेल्या पाइपाकडं बोट केलं. त्या मग बरंच काही बोलल्या, आणि अप्पा, हात पसरलेलेच ठेवून, मान मागं टाकून हसले.

आमची रांग हलली. मी घाईनं काच खाली केली आणि जोरात हाक मारली, "अप्पा!"

त्यांचं लक्ष पलीकडं होतं.